आई-वडिलांना हिवाळ्यात ताओसच्या डोंगरवाटेने न्यावे का?

प्रश्न: आम्ही डॅलसला राहतो. आई-बाबा नोव्हेंबरच्या सुरुवातीला धुळ्याहून येत आहेत आणि एप्रिलपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत. बाबा ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, एरवी प्रकृती ठणठणीत. आई ६९ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास आहे, देवाधर्माची आवड फार. न्यू मेक्सिकोतल्या सांता फेहून ताओसला जाणाऱ्या डोंगरातल्या रस्त्याने जुनी गावे आणि मातीची चर्चे दाखवायला त्यांना न्यावे, असे आमच्या मनात आहे. थँक्सगिव्हिंगचा आठवडा किंवा फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेची जोडून आलेली सुट्टी, असे दोन पर्याय आहेत. माझे दीर म्हणतात, की हिवाळ्यात तिकडे सगळे बंद असते, उन्हाळ्यातच जावे. पण उन्हाळ्यात आई-बाबा इथे नसतील. हे सगळे एका दिवसात होईल का? आम्ही शाकाहारी आहोत, त्याचे काय? आणि आईने मुद्दाम विचारायला सांगितले आहे, की आपण त्यांच्या देवळात गेलेले चालते का, आणि तिथली माती प्रसाद म्हणून आणता येते असे ऐकले, ते खरे का?

उत्तर: आई-वडिलांना अवश्य न्यावे, पण आपण सुचवलेल्या दोन्ही तारखा सोडून द्याव्यात आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले सोमवार ते गुरुवार यांमधले दिवस धरावेत. थँक्सगिव्हिंगला विमानाची तिकिटे आणि हॉटेले महाग असतात आणि सांता फेच्या चौकात गर्दी असते. प्रेसिडेंट्स डेला ताओसच्या वरच्या डोंगरात बर्फावर घसरायला येणाऱ्यांची झुंबड उडते. फेब्रुवारीबाबत आणखी एक अडचण अशी, की ताओस पुएब्लो हे आदिवासींचे प्राचीन गाव हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत साधारण दहा आठवडे पाहुण्यांसाठी बंद असते, आणि ते न पाहता परत येणे म्हणजे इतक्या लांब जाऊन निम्मेच पाहिल्यासारखे होईल. डिसेंबरच्या सुरुवातीला थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरलेली असते, नाताळची सुरू झालेली नसते आणि खरा बर्फही बहुधा अजून पुढेच असतो.

आपल्या दिरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. त्रुचासमधल्या चित्रकारांच्या आणि विणकरांच्या काही खोल्या त्या दिवसांत बंद असतात, खाणावळी आठवड्यातले मोजकेच दिवस उघडतात आणि लास त्राम्पासच्या चर्चला बहुतेक वेळा कुलूप असते. पण ही चर्चे आधी बाहेरून पाहायची आहेत, आणि त्यासाठी हिवाळ्यातले तिरपे ऊन उन्हाळ्याच्या डोक्यावरच्या उन्हापेक्षा फार चांगले. शिवाय ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या दृष्टीने गाडी थेट दारापाशी लावता येणे आणि आत गेल्यावर बाकावर निवांत बसायला मिळणे या दोन गोष्टी बाकी सगळ्याहून मोलाच्या आहेत. त्या बिगरहंगामातच मिळतात.

एका दिवसात हे उरकण्याचा विचार मात्र करू नये. याचे पहिले कारण उंचीचे आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांवर आहे; सांता फे हे गावच सुमारे ७,००० फुटांवर वसलेले आहे, त्रुचास ८,००० फुटांच्या आसपास आहे आणि पेन्यास्कोहून ताओसकडे उतरण्याआधीचा घाट साडेआठ हजारांपर्यंत चढतो. डॅलसहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी धाप लागणे, डोके दुखणे, रात्री झोप न लागणे हे होऊ शकते. म्हणून डॅलसहून विमानाने आल्बुकर्कीला उतरावे, तिथून तासाभरात सांता फेला पोहोचावे आणि दोन रात्री तिथेच राहावे. गाडीने निघालात तर सुमारे दहा तासांचा प्रवास होतो आणि त्याचा शीण पुढच्या साऱ्या सहलीवर पडतो. बाबांच्या डॉक्टरांना उंचीविषयी आणि रक्तदाबाच्या गोळीविषयी आधीच विचारून ठेवावे, कारण काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते आणि त्या कोरड्या हवेत शरीरातले पाणी तसेही लवकर कमी होते. पाणी थोडे थोडे, पण दिवसभर प्यावे.

सांता फेचा दिवस हळूहळू घालवावा. १६१० पासून हे राजधानीचे गाव आहे आणि चौकालगतचा गव्हर्नरांचा वाडा त्याच काळातला आहे. सान मिगेल हे छोटे चर्च पाहिले तरी पुढच्या प्रवासाची ओळख होते, कारण १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींनी, स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करून तिला बारा वर्षे या प्रदेशातून हुसकावून लावले तेव्हा ते जाळले गेले आणि १७१० मध्ये पुन्हा उभे राहिले. हा उठाव आई-वडिलांना आवर्जून सांगावा. पुढे दिसणारी प्रत्येक भिंत सुंदर आहे, पण या भूमीवर ही चर्चे आली ती राज्यकर्त्यांबरोबर आली, आणि ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांचे वंशज आजही याच प्रदेशात राहतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास निघावे. उत्तरेकडे पोवाकीपर्यंत मोठा रस्ता आहे. तिथे पेट्रोल भरावे आणि आईसाठी प्रसाधनगृहाचा थांबाही तिथेच घ्यावा, कारण पुढे दोन्हींची वानवा आहे. पोवाकीहून उजवीकडे ५०३ क्रमांकाचा रस्ता नाम्बेमार्गे तांबूस, पावसाने कोरलेल्या मातीच्या टेकड्यांतून जातो. टेकड्यांवर पिन्योन आणि जुनिपरची बुटकी झाडे ठिपक्यांसारखी विखुरलेली दिसतात आणि समोर सांग्रे दे क्रिस्तो पर्वताची बर्फाळ रांग असते. पाऊण तासात आपण चिमायोला पोहोचता.

चिमायोचे सांतुआरिओ, म्हणजे तीर्थस्थानाचे चर्च, हे या रस्त्यावरचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण आहे, म्हणून तिथे दीड-दोन तास राखून ठेवावेत. बेर्नार्दो आबेयता नावाच्या तिथल्याच गृहस्थाने १८१३ ते १८१६ या काळात ते बांधले. आख्यायिका अशी आहे, की त्याला टेकडीवर उजेड दिसला, तिथे उकरल्यावर लाकडी क्रूस सापडला, तो मिरवत शेजारच्या सांता क्रूझच्या चर्चमध्ये नेला, पण तीन वेळा तो आपसूक मूळ जागी परत आला. आपल्या आईंना यातले काहीच नवलाचे वाटणार नाही. स्वयंभू देवांच्या अशा कथा त्या लहानपणापासून ऐकत आल्या असतील. मुख्य गाभाऱ्याच्या डाव्या हाताला एक बुटके दार आहे, त्यातून वाकून गेले की लहानशी खोली लागते आणि तिच्या जमिनीत घागरीच्या तोंडाएवढा खळगा आहे. त्यात कोरडी, भुरभुरीत, फिकट तपकिरी माती असते. या खळग्याला पोसितो म्हणतात. लोक गुडघ्यावर बसून चिमूटभर माती घेतात, दुखऱ्या जागी लावतात, पुरचुंडीत बांधून घरी नेतात. लगतच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुबड्या दिसतात, फोटो दिसतात, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसतात. खळगा रिकामा होत नाही याचे कारण चर्चचे लोक लपवत नाहीत: आसपासच्या टेकड्यांतली माती आणून, आशीर्वाद देऊन, तेच तो भरतात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

आता आपल्या आईंच्या प्रश्नाकडे वळतो. आपण तिथे गेलेले चालते. दार कोणालाही बंद नाही आणि कोणी धर्म विचारत नाही. प्रार्थना चालू असेल तर शेवटच्या बाकावर शांत बसावे, प्रसादाची भाकरी घ्यायला रांगेत जाऊ नये, कारण ती त्यांच्या दीक्षितांसाठी असते. पुरुषांनी टोपी काढावी. चपला-बूट काढायचे नसतात, हे आईंना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर त्या थंडीत दारातच बूट उतरवतील. आत फोटो काढायला मनाई आहे आणि ती मनापासून पाळावी. माती घेता येते, तिचे पैसे पडत नाहीत, दानपेटीत यथाशक्ति घालावे. मात्र ती माती भारतात नेण्याचा बेत करू नये, कारण परदेशातली माती देशात आणण्यावर कृषी खात्याच्या संगरोध नियमांचे निर्बंध आहेत. ती डॅलसच्या देवघरातच ठेवावी. खळग्यापाशी खाली बसणे आईंना जड जाईल, तेव्हा आपणच बसून त्यांच्या तळहातावर माती ठेवावी.

तिथून थोड्याच पावलांवर सांतो निन्यो, म्हणजे बालयेशूचे छोटे चर्च आहे. हे बालक रात्री गरजूंच्या मदतीला गावोगाव हिंडते आणि त्याचे बूट झिजतात, अशी श्रद्धा असल्यामुळे लोक त्याला तान्ह्या मुलांचे बूट वाहतात. रांगेने ठेवलेले ते इवले बूट पाहून आपल्या आई तिथे बराच वेळ थांबतील असे मला वाटते. त्यांना घाई करू नये. गुड फ्रायडेला या चिमायोला हजारो माणसे दूरदूरहून पायी चालत येतात, कोणी सांता फेहून, कोणी थेट आल्बुकर्कीहून. आपल्या आई-वडिलांचा मुक्काम एप्रिलपर्यंत असल्यामुळे ते दृश्य पाहण्याचा मोह होईल, पण त्या आठवड्यात रस्ते माणसांनी भरलेले असतात, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या वाटेला जाणे बरे नाही.

चिमायोत जेवणाचाही प्रश्न सोडवून टाकावा. न्यू मेक्सिकोत जेवण मागवताना लाल की हिरवी, असे विचारतात, म्हणजे मिरचीचा रस्सा कोणता हवा. दोन्ही हवे असतील तर ख्रिसमस म्हणायचे. चिमायोची लाल मिरची नावाजलेली आहे आणि खानदेशातल्या माणसाला तिचा तिखटपणा जड जाणार नाही, परंतु लाल रश्श्यात अनेकदा डुकराचे मांस असते, हिरव्याही रश्श्यात मांस असू शकते आणि शिजवून घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी घालण्याची जुनी पद्धत आहे. पोसोले हा मक्याचा पदार्थही बहुधा मांस घालूनच करतात. म्हणून नुसते शाकाहारी आहोत असे सांगून भागत नाही. रश्श्यात मांस आहे का आणि राजम्यात चरबी आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. सोपापिया नावाची मधाबरोबर खायची फुगलेली पुरी कशात तळली आहे, तेही विचारावे. त्यातून बिगरहंगामात एखादी खाणावळ ऐनवेळी बंद निघते, तेव्हा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेऊनच निघावे. सांता फे आणि ताओसमध्ये मात्र शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही.

चिमायोनंतर ७६ क्रमांकाचा रस्ता चढू लागतो. त्रुचास हे डोंगराच्या कण्यावर वसलेले गाव आहे, त्याच्यामागे तेरा हजार फुटांहून उंच शिखरे उभी आहेत. तिथे वारा इतका बोचरा असतो, की गाडीतून पाच मिनिटे उतरून परत बसले तरी पुरे. पुढे लास त्राम्पास लागते आणि इथे बाबांसाठी थांबायचे. १७५१ मध्ये सांता फेहून आलेल्या बारा कुटुंबांना इथे जमीन देऊन वसवले गेले, कारण कोमांची टोळ्यांचे हल्ले राजधानीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून सरकारला मध्ये वस्ती हवी होती. त्यामुळे घरे चौकाभोवती एकमेकांना चिकटून बांधली गेली आणि १७६० ते १७७६ या काळात सान होसे दे ग्रासिया हे जाड मातीच्या भिंतींचे चर्च उभे राहिले. दाराला कुलूप असले तरी वाईट वाटून घेऊ नये. अंगणातून दिसणारा दर्शनी भाग, लाकडी सज्जा आणि दोन बाजूंचे मनोरे पाहण्यासारखे आहेत.

गावालगतच रस्त्याच्या कडेला ओढ्यावरून पाणी पलीकडे नेणारी लाकडी पन्हळ आहे. मोठमोठे ओंडके कोरून, खांबांवर टेकवून ती केलेली आहे आणि तिला कानोआ म्हणतात. तिच्यातून गावाच्या सामाईक पाटाचे, म्हणजे असेकियाचे, पाणी जाते. हा पाट कोणा एकाच्या मालकीचा नसतो. ज्यांची शेते त्यावर भिजतात ते सारे मिळून एक मायोर्दोमो निवडतात, तो पाण्याची पाळी ठरवतो आणि दर वसंतात सगळ्यांना कुदळ-फावडे घेऊन पाट उपसायला बोलावतो. बाबांनी पांझरेच्या किंवा मोसमच्या काठी सामाईक पाटपाण्याची फड पद्धत पाहिली असेलच. तिथला बंधारा, तिथले पाट आणि पाणी वाटून देणारा पाटकरी ज्याच्या डोळ्यांसमोर आहेत त्याला इथे काहीही समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबरात पाणी बंद असेल किंवा पन्हळीला बर्फाचे झुंबर लागलेले असेल. कोरडी असेल तर सांधे कसे बसवले आहेत ते उलट नीट दिसतात.

या गावांत खिडक्या नसलेल्या, बुटक्या, साध्या मातीच्या वास्तूही दिसतील. त्यांना मोरादा म्हणतात. पाद्री वर्षानुवर्षे फिरकत नसत त्या काळात गावातल्या पुरुषांच्या बंधुसंघाने धर्मविधी चालू ठेवले, त्यांची ती जागा. त्या खासगी आहेत. तिथे गाडी थांबवू नये आणि कॅमेरा रोखू नये. पेन्यास्को आणि त्याच्याजवळचे पिकुरीस पुएब्लो वेळ कमी असेल तर वगळले तरी चालेल. पुढचा ५१८ क्रमांकाचा रस्ता जंगलातल्या घाटातून जातो, तिथे सावलीतल्या वळणांवर बर्फाचा कडक थर राहतो, म्हणून तो टप्पा अडीचच्या आत पार व्हायला हवा. त्या दिवसांत सूर्य पाचच्या आधीच मावळतो.

घाट उतरला, की रांचोस दे ताओसचे सान फ्रान्सिस्को दे आसिसचे चर्च लागते. बहुतेक लोक आधी पुढच्या दाराकडे जातात. आपण मागे जावे. चर्चची मागची भिंत पश्चिमेकडे आहे आणि तीन-साडेतीनला तिच्यावर पूर्ण ऊन असते. तिथे खिडकी नाही, नक्षी नाही, एकही सरळ रेषा नाही, फक्त मातीचे भलेमोठे गोलसर आधारबुरूज एकमेकांना रेलून उभे आहेत. जॉर्जिया ओकीफ यांनी हीच बाजू रंगवली आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी हिचेच फोटो काढले. जवळ गेल्यावर गिलाव्यात गव्हाचे काड चमकताना दिसते आणि तळहात ठेवला तर दिवसभराची ऊब लागते. १९६७ मध्ये दरवर्षीचे लिंपण टाळण्यासाठी या भिंतींना सिमेंटचा कडक गिलावा दिला गेला. त्याला बारीक तडे गेले, तड्यांतून पाणी शिरले, सिमेंटमुळे ते बाहेर पडू शकले नाही आणि आतली माती कुजू लागली. शेवटी १९७९ मध्ये तो सगळा गिलावा खरवडून पुन्हा मातीच लावली, आणि तेव्हापासून दर जूनमध्ये गावकरी एकत्र जमून माती आणि काड कालवून भिंती लिंपतात. सोलापूर-मराठवाड्याकडची माळवदाची घरे जशी दरवर्षी हात फिरवला तरच उभी राहतात तसेच हे आहे. या गोष्टीसाठी मी माणसांना या रस्त्याने पाठवतो. सगळ्या चर्चांची यादी संपवण्याचा हट्ट न धरता चिमायो, लास त्राम्पास आणि रांचोस ही तीनच ठिकाणे नीट पाहावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

रात्री ताओसला मुक्काम करावा आणि चौथ्या दिवशी सकाळी ताओस पुएब्लोला जावे. तिथे हजार वर्षांच्या आसपास अखंड वस्ती आहे. एकावर एक रचलेल्या मातीच्या घरांचे ते मजले १९९२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि जुन्या कोटाच्या आत आजही वीज आणि नळ घेतलेले नाहीत. मधून वाहणारा ओढा ब्लू लेक या त्यांच्या पवित्र तलावातून येतो. तो तलाव १९०६ मध्ये सरकारने वनखात्यात घेतला आणि चौसष्ट वर्षे पाठपुरावा केल्यावर १९७० मध्ये ४८,००० एकर जमिनीसह त्यांना परत मिळाला. आताचे सान हेरोनिमो चर्च १८५० चे आहे. आधीच्या चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या लोकांवर १८४७ मध्ये अमेरिकन सैन्याने तोफा डागल्या. त्याचा पडका मनोरा दफनभूमीत उभा आहे. तिथे आत जायचे नाही आणि फोटोही काढायचे नाहीत. प्रवेशाला शुल्क आहे, आणि गावात कोणाचे निधन झाले किंवा त्यांचा विधी असला तर गाव अचानक बंद ठेवतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

गाडीविषयी एवढेच, की चारही चाकांना जोर असलेली गाडी भाड्याने घ्यावी, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा, कारण डोंगरात संपर्क तुटतो, आणि सकाळी निघण्याआधी ५११ या फोन क्रमांकावर रस्त्यांची स्थिती विचारावी. आदल्या रात्री बर्फ पडला असेल तर हट्ट करू नये. चिमायो पाहून खाली एस्पान्योलाला उतरावे आणि नदीकाठच्या ६८ क्रमांकाच्या रस्त्याने ताओसला जावे. रांचोसचे चर्च त्याही रस्त्यावर आहेच, फक्त त्रुचास आणि लास त्राम्पास हुकतील.

परतताना तर याच नदीकाठच्या रस्त्याने यावे. तो रिओ ग्रांदेला लागून घळीतून उतरतो, उंची कमी होत जाते आणि आई-वडिलांना श्वास मोकळा झाल्याचे जाणवते. वाटेत एम्बुदो लागते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने नदीचा प्रवाह मोजण्याचे आपले पहिले केंद्र १८८९ मध्ये इथेच सुरू केले. ज्यांची नोकरी पाण्याची मोजदाद करण्यात गेली त्यांना तिथे दहा मिनिटे उभे राहू द्यावे. ताओसहून आल्बुकर्कीच्या विमानतळापर्यंत थांबे धरून चार तास लागतात, म्हणून परतीचे विमान संध्याकाळी सातच्या पुढचेच घ्यावे.